मांडणाऱ्यांची मांडामांड

मार्च 2007 मध्ये लास व्हेगासला एक परिषद भरली. जमलेल्या मंडळींचा व्यवसाय असा, की माणसाला हवी ती गोष्ट चटकन सापडावी, आपण कुठे आहोत आणि इथून कुठे जाता येईल हे त्याला पावलोपावली कळावं. आणि गाव निवडलं ते असं, की जिथल्या कसिनोंनी नेमकं याच्या उलट व्हावं म्हणून वर्षानुवर्षं पैसा ओतला आहे. भिंतीवर घड्याळ नाही, खिडकी नाही, बाहेरचा दरवाजा दिसेल अशी सरळ वाट नाही. बिल फ्रीडमन नावाच्या तज्ज्ञाने 2000 साली कसिनोच्या रचनेवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. त्याचं सार असं, की जुगाराचं दालन चक्रव्यूहासारखं असावं आणि बाहेर पडायला निघालेला माणूस दर वळणावर नव्या यंत्रासमोर येऊन थबकावा. अभिमन्यूला आत शिरायची विद्या निदान कुणीतरी सांगावी लागली होती. व्हेगासमध्ये तीही गरज नाही.

अशा गावी वाट दाखवणाऱ्यांचं वार्षिक संमेलन. तिथल्या बड्या हॉटेलांत खोलीतून सभागृहाकडे जायचं तर बहुधा जुगाराचं दालन ओलांडावंच लागतं. म्हणजे माहितीच्या रचनेवरचं व्याख्यान ऐकायला निघालेला माणूस स्लॉट मशीनच्या चौथ्या रांगेत हरवण्याची शक्यता दाट. असल्या वास्तूत कोपऱ्याकोपऱ्यावर उभं राहून "इकडून, इकडून" करणारी जी माणसं लागतात, त्यांना स्वयंसेवक म्हणतात. हा लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे. पण त्यांच्यापर्यंत पोचायला आधी त्यांच्या व्यवसायाचं दालन ओलांडावं लागेल, आणि तेही काही सरळ नाही.

या व्यवसायाचं नाव इन्फर्मेशन आर्किटेक्चर, जवळच्या माणसांत नुसतं 'आयए'. बँकेच्या संकेतस्थळावर 'खात्याचा उतारा' कुठल्या मथळ्याखाली ठेवायचा, रुग्णालयाच्या अ‍ॅपमध्ये 'तपासण्या' आणि 'रिपोर्ट' ही एकच जागा असावी की दोन, चपलेचं दुकान ऑनलाइन मांडताना आधी 'स्त्रिया-पुरुष' विचारायचं की आधी 'सँडल-बूट', असले प्रश्न ही मंडळी सोडवतात. प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण चुकीच्या जागी ठेवलेलं बटण शोधत ज्याने एकदा अर्धी रात्र घालवली आहे, तो त्यांना क्षुल्लक म्हणणार नाही.

त्यांचं आवडतं हत्यार म्हणजे कार्ड सॉर्टिंग. पन्नाससाठ कार्डांवर एकेका गोष्टीचं नाव लिहायचं, ती गठ्ठ्याने एखाद्या सामान्य माणसाच्या हातात द्यायची आणि सांगायचं, "तुम्हाला पटतील असे गट करा." माणूस पहिली दहा कार्डं आत्मविश्वासाने लावतो, पुढची वीस कपाळावर आठ्या घालून, आणि उरलेली सगळी एका गटात टाकून त्यावर 'इतर' अशी चिठ्ठी लावतो. 'इतर' हा गट जगातल्या सर्व वर्गीकरणांचा आधारस्तंभ आहे. तो वाढू न देणं हेच या व्यवसायाचं निम्मं काम.

या नावाचे आद्यपुरुष म्हणून रिचर्ड सॉल वुर्मन यांच्याकडे बोट दाखवतात. मूळचे वास्तुरचनाकार. 1976 साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं राष्ट्रीय अधिवेशन फिलाडेल्फियात भरलं, त्याची सूत्रं वुर्मन यांच्याकडे होती, आणि त्यांनी विषय ठेवला 'द आर्किटेक्चर ऑफ इन्फर्मेशन'. घरं बांधणाऱ्यांना त्यांनी सांगितलं, की माहितीलाही खोल्या, जिने आणि दारं लागतात. पुढे 1984 मध्ये याच गृहस्थांनी कॅलिफोर्नियातल्या माँटरे इथे 'टेड' परिषद सुरू केली. म्हणजे या धंद्याला नाव देणारा माणूसच परिषदा भरवणारा निघाला. पुढच्या पिढ्यांच्या कुंडलीत स्वयंसेवा तेव्हाच लिहिली गेली म्हणायची.

खरी वस्ती मात्र वाढवली ती ग्रंथपालांनी. लुईस रोझेनफेल्ड आणि पीटर मॉरव्हिल हे दोघे मिशिगन विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्र शिकून आलेले. वेबचं नवंनवं अरण्य माजत होतं, तेव्हा यांना ते पुस्तकं जमिनीवर ओतलेल्या ग्रंथालयासारखं दिसलं. अ‍ॅन आर्बर इथे त्यांनी 'आर्गस असोसिएट्स' ही कंपनी चालवली आणि 1998 साली ओरायली प्रकाशनातर्फे 'इन्फर्मेशन आर्किटेक्चर फॉर द वर्ल्ड वाइड वेब' हे पुस्तक काढलं. ओरायलीच्या पुस्तकांवर एखाद्या प्राण्याचं चित्र असतं. यांच्या वाट्याला ध्रुवीय अस्वल आलं. झालं, पुस्तकाचं नाव कायमचं 'पोलर बेअर बुक' पडलं. शीर्षकं स्पष्ट, अर्थवाही असावीत असं चारशे वेळा पटवून देणारा हा ग्रंथ जगभर ओळखला जातो तो मजकुराशी काडीचा संबंध नसलेल्या एका अस्वलावरून. 2015 साली चौथी आवृत्ती निघाली, होर्हे आरांगो तिसरे लेखक म्हणून आले, मूळ नावातला 'वर्ल्ड वाइड वेब' गेला. अस्वल राहिलं.

डॉटकॉमचा फुगा फुटला आणि 2001 मध्ये आर्गस बंद पडली. पण तोवर संमेलन सुरू झालेलं होतं, आणि संमेलनाला कंपनीसारखा फायदा-तोटा कळत नाही.

पहिलं संमेलन 2000 साली बोस्टनला. यजमान होती 'असिस्ट' ही माहितीशास्त्रज्ञांची जुनी संस्था, जिची मुळं 1937 मधल्या अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूटपर्यंत जातात. विषय होता 'इन्फर्मेशन आर्किटेक्चरची व्याख्या'. पहिल्याच वर्षी व्याख्या उरकून टाकली की दुसऱ्या वर्षापासून कामाला लागता येईल, असा साधा हिशेब. मग सॅन फ्रान्सिस्को झालं, बाल्टिमोर झालं, पोर्टलंड, ऑस्टिन, माँट्रियल, व्हॅन्कूव्हर झालं. व्याख्येचं काम सुरूच राहिलं. एक पक्ष म्हणाला, आपण लेबलं लावतो, मेनू रचतो, वर्गीकरण करतो, एवढंच. हा 'छोटा आयए'. दुसरा पक्ष म्हणाला, छे, वापरणाऱ्याचा संपूर्ण अनुभवच आपल्या अखत्यारीत येतो. हा 'मोठा आयए'. या वादाला मंडळींनीच वैतागून एक नाव ठेवलं, 'डिफायनिंग द डॅम थिंग', म्हणजे त्या मेलीची एकदाची व्याख्या करणं. मग त्याचंही 'डीटीडीटी' असं लघुरूप झालं. ज्या वादाला लघुरूप लाभतं, तो मिटत नाही.

बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, आणि ते आहेच. पण वकिलांनी वकिली म्हणजे काय यावर दरवर्षी तीन दिवस खल केला असता, तर निदान काही खटले तरी तेवढे दिवस टळले असते. या मंडळींच्या वादाने कुणाचं वाईट झालं नाही, आणि चहाच्या सुट्टीत अनोळखी माणसाशी बोलायला विषय मात्र कायमचा मिळाला.

2009 साली मेम्फिसला तर कहरच झाला. समारोपाचं भाषण होतं जेसी जेम्स गॅरेट यांचं. वापरकर्त्याच्या अनुभवाचे पाच थर दाखवणारी त्यांची आकृती तोवर या व्यवसायातल्या निम्म्या भिंतींवर लागलेली. वेबच्या एका तंत्राला 'अजॅक्स' हे नावही 2005 मध्ये त्यांनीच दिलेलं. माणूस वजनदार. त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं, की इन्फर्मेशन आर्किटेक्ट असं कुणी नसतंच. इंटरॅक्शन डिझायनरही नसतात. आपण सगळे यूजर एक्स्पिरियन्स डिझायनर आहोत आणि पहिल्यापासून तेच होतो. तीन दिवस गळ्यात 'इन्फर्मेशन आर्किटेक्ट' असा बिल्ला घालून हिंडलेल्या लोकांनी हे ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी ते सगळे नसलेले लोक फीनिक्सला पुन्हा जमले आणि त्यांनी नावनोंदणीही वेळेत केली.

मधल्या काळात संस्थाही निघाली होती. 2002 साली काही मंडळी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पॅसिफिक ग्रोव्ह इथे असिलोमार नावाच्या आवारात जमली. जागा देखणी. तिथल्या जुन्या इमारती ज्युलिया मॉर्गन यांनी रचलेल्या. कॅलिफोर्नियात वास्तुरचनेचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. वायडब्ल्यूसीए या स्त्रियांच्या संस्थेसाठी 1913 पासून त्यांनी हे आवार उभं केलं. 'टेड' जिथे जन्मली ते माँटरे अगदी शेजारचं गाव. खऱ्या आर्किटेक्टच्या छताखाली बसून या आर्किटेक्टांनी 'असिलोमार इन्स्टिट्यूट फॉर इन्फर्मेशन आर्किटेक्चर' स्थापन केली आणि तिचं लघुरूप ठरवलं 'एआयएफआयए', त्यातही मधलं एफ धाकट्या लिपीत. नाव कसं असू नये याचं उदाहरण म्हणून ते त्यांच्याच कार्यशाळेत शोभलं असतं. 2005 मध्ये असिलोमार गळलं, धाकटं एफ गळलं, आणि संस्था सुटसुटीत 'इन्फर्मेशन आर्किटेक्चर इन्स्टिट्यूट' झाली. लेबल सुधारायला तीन वर्षं. ग्राहकाला ते तीन आठवड्यांत करून देतात.

आता स्वयंसेवक.

अशा परिषदेचं काम साधारण वर्षभर आधी सुरू होतं आणि ते करणाऱ्या बहुतेकांना त्याचे पैसे मिळत नाहीत. दिवसा बँकेचा मेनू सुधारायचा, रात्री मुलं झोपल्यावर परिषदेच्या बैठकीला संगणकावर बसायचं. उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसाला हे चित्र नवं नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं दर दोन वर्षांनी भरणारं अधिवेशन असंच कुणाच्या तरी तळघरातल्या टेबलाभोवती आकार घेतं. फरक एवढाच, की तिथे वाद जेवणाच्या बेतावरून होतो आणि इथे तो बेताच्या यादीत पदार्थांचे गट कसे पाडावेत यावरून.

सगळ्यात आधी येतात प्रस्ताव. कुणाला कशावर बोलायचं आहे ते लिहून पाठवायचं, आणि परीक्षक म्हणून राबणाऱ्या स्वयंसेवकांनी ते नाव न पाहता वाचायचे. न्यायासाठी ही पद्धत उत्तम. पण क्षेत्र लहान असलं की नाव झाकून फारसं काही झाकलं जात नाही. दुसऱ्याच वाक्यात 'ऑन्टॉलॉजी' आलं की परीक्षकाच्या डोळ्यांपुढे एक चष्मा उभा राहतो, 'संदर्भ' हा शब्द पाचव्यांदा आला की दुसरी दाढी. शीर्षकांचीही एक ठरलेली तऱ्हा आहे. आधी काहीतरी गूढ, मग कोलन, मग खरा विषय. कोलनशिवाय आलेल्या प्रस्तावाकडे परीक्षक जरा संशयाने बघतात.

कोलनवरून आठवण होते ती शियाळी रामामृत रंगनाथन यांची. हा काही ओढूनताणून आणलेला आपला माणूस नव्हे. या परदेशी मंडळींच्या देव्हाऱ्यात रंगनाथन खरोखरच आहेत. मद्रासेत गणित शिकवणारे हे गृहस्थ 1924 मध्ये तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, प्रशिक्षणाला लंडनला गेले, आणि तिथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडाल तशी वस्तू. पुस्तकाचा विषयही असाच तुकडे जोडून सांगता येईल हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि 1933 साली त्यांचं 'कोलन वर्गीकरण' प्रसिद्ध झालं. अमेरिकन ग्रंथपाल ड्युईने 1876 मध्ये प्रत्येक पुस्तकाला एका फांदीवर बसवलं होतं. रंगनाथनांनी सांगितलं, पुस्तकाला पाच अंगांनी बघा: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काळ. आज पैठणी विकणाऱ्या संकेतस्थळावर आपण रंग, किंमत, पदर असे खूणचौकोन टिचकवत यादी बारीक करतो, त्यामागचा विचार हाच. खरेदी करणाऱ्याला याचा पत्ता नसतो, आणि बहुधा विकणाऱ्यालाही नसतो.

वेळापत्रक लावणाऱ्या स्वयंसेवकाला मात्र रंगनाथनांची पाचही अंगं एकदम भेटतात. व्यक्तित्व म्हणजे वक्ता, जो गुरुवारी रात्री उशिरा पोचणार आहे. द्रव्य म्हणजे त्याचा विषय, जो आणखी दोघांनीही घेतला आहे. ऊर्जा म्हणजे जेवणानंतरचं सत्र, जे कुणालाच नको असतं. अवकाश म्हणजे दालन, ज्यात साठ खुर्च्या आहेत आणि दीडशे माणसं येणार. काळ तर कायमच कमी. एकाच वेळी तीन दालनांत तीन भाषणं असली की सगळ्यात चांगली दोन एकाच वेळी येणार, हा नियम कुणी सिद्ध केलेला नाही, कारण कुणी त्यावर शंकाच घेतलेली नाही. वेबवर एक पान चार जागी दाखवता येतं. वक्त्याच्या बाबतीत ही सोय अजून निघालेली नाही.

मग हॉटेल. इथे भाषेचं वर्गीकरण संपतं आणि करारनाम्याचं सुरू होतं. अमेरिकेतल्या परिषदांत हॉटेल सभागृह देतं त्या बदल्यात अमुक इतक्या खोल्या भरून देण्याची हमी घेतं. खोल्या रिकाम्या राहिल्या तर भुर्दंड आयोजकांना. म्हणून एखाद्या स्वयंसेवकाला वर्षभर एकच चिंता लागलेली असते, की लोक स्वस्त म्हणून शेजारच्या हॉटेलात तर उतरत नाहीत ना. कॉफी गॅलनच्या भावाने मोजली जाते, आणि तो भाव ऐकून पहिल्यांदा खजिनदार झालेला माणूस चहा पिऊ लागतो. भिंतीला चिकटपट्टी लावायची नाही. बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्टरच्या वायरीला हॉटेलच्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. मोठं सभागृह सरकत्या भिंतींनी कापून 'ए', 'बी', 'सी' केलेलं असतं, आणि 'बी'चं दार 'सी'च्या पलीकडून उघडतं.

इथे या व्यवसायाचा कस लागतो. दालनाबाहेर देशोदेशीचे नामवंत वाटशोधतज्ज्ञ गोंधळून उभे आहेत. आत वाटशोधावरच भाषण सुरू झालं आहे. चिकटपट्टीला बंदी. तेव्हा विद्यापीठातून आलेली एखादी स्वयंसेवक मुलगी एक कोरा कागद घेते, जाड मार्करने बाण काढते, पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवते, आणि पाच मिनिटांत दालन भरतं. हा कागद कुठल्याही सादरीकरणात दाखवला जात नाही, पण तीन दिवसांत या इमारतीत झालेलं हे सर्वांत यशस्वी इन्फर्मेशन आर्किटेक्चर असतं. त्या मुलीला काही तासांच्या कामाच्या बदल्यात प्रवेशशुल्क माफ झालेलं असतं किंवा त्यात सूट मिळालेली असते, अशी या परिषदांची रीत. जे भाषण ऐकायला ती आली, ते चालू असताना ती बहुधा दाराबाहेर असते.

बिल्ल्याची कथा निराळीच. गळ्यातल्या पट्टीला लटकणारा बिल्ला निसर्गनियमाने उलटा होतो आणि कोरी बाजू जगाला दाखवतो. सुलटा झालाच, तर त्यावर परिषदेचं बोधचिन्ह ठसठशीत आणि माणसाचं नाव मुंगीएवढं. वास्तविक समोरच्याला परिषद कुठली आहे हे ठाऊक असतं, माणूस कोण ते ठाऊक नसतं. हे या मंडळींइतकं कुणालाच चांगलं कळत नाही. म्हणून बिल्ल्यावरची त्यांची चर्चा कडाक्याची होते. नाव दोन्ही बाजूंनी छापा. आडनावापेक्षा पाळण्यातलं नाव मोठं करा. पहिल्यांदा आलेल्यांना वेगळी फीत लावा, म्हणजे कुणी त्यांना एकटं सोडणार नाही. त्यातली फीत लावणारी सूचना सोन्यासारखी असते, पण ती प्रत्यक्षात आणताना तीच फीत हौशीने जुनेजाणतेही मागून घेतात, आणि मग छातीवर फितींची उतरंड लावून हिंडणाऱ्या माणसाचं नाव शोधायला पुन्हा वर्गीकरणतज्ज्ञ लागतो.

भाषण चालू असताना पहिल्या रांगेत वेळ राखणारा स्वयंसेवक बसतो. त्याच्याजवळ तीन फलक: दहा मिनिटं, पाच मिनिटं, संपवा. पहिला फलक पाहून वक्ता मान डोलावतो. दुसरा पाहून हसतो. तिसरा वर येतो तेव्हा वक्त्याचं लक्ष नेमकं पडद्याकडे असतं, कारण अजून अठरा स्लाइड बाकी आहेत. फलक धरून हात दुखतो म्हणून स्वयंसेवक उभा राहतो. वक्त्याला वाटतं, प्रश्न विचारायचा आहे. "हां, बोला," म्हणून तो माइक त्याच्याकडे पाठवतो.

या सगळ्यात माणसं टिकून का राहतात, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर भाषणांत सापडत नाही, संध्याकाळी सापडतं. या परिषदेत कराओकेची जुनी परंपरा आहे. दिवसभर ज्याने पदानुक्रम आणि अनुक्रमणिका समजावली, तो रात्री ऐंशीच्या दशकातलं प्रेमगीत भलत्या पट्टीत म्हणतो, आणि ज्याचा प्रस्ताव त्याने परीक्षक म्हणून नाकारला होता तो त्याला साथ देतो. दुसरी परंपरा 'फाइव्ह मिनिट मॅडनेस'. समारोपाला माइक मोकळा सोडायचा, ज्याला वाटेल त्याने यावं, थोडक्यात काय वाटलं ते सांगावं. पहिल्यांदा आलेली लाजरी मुलगी बोलते, वीस वर्षं येणारा गृहस्थ बोलतो, कुणी नोकरी गेल्याचं सांगतं, कुणी इथेच ती मिळाल्याचं. इथे व्याख्येचा विषय कुणी काढत नाही. काढलाच तर लोक हसतात.

संमेलनाचं हे वेड पुढे गावोगाव पसरलं. 2012 च्या फेब्रुवारीत इन्स्टिट्यूटने पहिला 'वर्ल्ड आयए डे' साजरा केला. एकाच दिवशी निरनिराळ्या खंडांतल्या शहरांत तिथल्या तिथल्या स्वयंसेवकांनी कार्यक्रम करायचे. मोठ्या परिषदेला हॉटेल लागतं, याला कॉलेजचा एखादा वर्ग आणि पिझ्झा पुरतो. विषय मात्र सर्वांना समान. त्यामुळे पृथ्वी फिरेल तसतसा तोच विषय पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जातो, आणि एका शहरातला आयोजक शेवटची खुर्ची उचलत असतो तेव्हा दुसऱ्या शहरातला पहिली मांडत असतो. आयोजकही बहुतेक एकच माणूस. उद्घाटन तोच करतो, माइक तोच नेतो, आभारही स्वतःचे सोडून सर्वांचे तोच मानतो.

संस्था चालवणं याहून कठीण निघालं. संमेलनाला तीन दिवस दम लागतो, संस्थेला बारा महिने. निवडणुका, वर्गणी, लेखापरीक्षण, सदस्यांचे तपशील अद्ययावत ठेवणं ही कामं कराओकेने सुटत नाहीत. 2019 मध्ये इन्फर्मेशन आर्किटेक्चर इन्स्टिट्यूट बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी संमेलनानेही 'आयए समिट' हे नाव टाकून 'आयए कॉन्फरन्स' हे घेतलं आणि ऑरलँडोला भरलं. दोन्ही घटना एका वर्षात घडल्यामुळे अनेकांना आपण नेमके कशाचे सभासद आहोत याचा घोळ झाला. व्यवसाय ध्यानात घेता, हे जरा जास्तच झालं.

पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्स ठरलं होतं, आणि महामारी आली. परिषद पडद्यावर न्यावी लागली. आता दालनं नव्हती, बाण नव्हते, बिल्ला उलटा होण्याची भीती नव्हती. 'अनम्यूट' मात्र होतं. वेळेचा फलक धरणाऱ्याच्या जागी दुवा पाठवणारा स्वयंसेवक आला, आणि "दुवा कुठे आहे?" या एका प्रश्नाला तो दिवसभर उत्तर देत राहिला. दुवा सर्वांना दिसेल अशाच जागी होता. तसा तो नेहमीच असतो. 2023 मध्ये मंडळी अखेर न्यू ऑर्लिन्सला प्रत्यक्ष भेटली, 2024 ला सिअ‍ॅटलला, आणि 2025 ला फिलाडेल्फियाला, म्हणजे वुर्मन यांनी जिथे 1976 मध्ये विषय मांडला त्याच शहरात. व्याख्या अजून झालेली नव्हती.

समारोप होतो, विमानतळाच्या टॅक्सी निघतात, आणि मागे उरतं शेवटचं काम: पुढच्या समितीकडे कागदपत्रं सोपवणं. कुठल्याही स्वयंसेवी संस्थेत हा फोल्डर सारखाच दिसतो, आणि या व्यवसायातल्या लोकांचा वेगळा दिसेल अशी अपेक्षा करणारा माणूस कधी स्वयंसेवक झालेला नसतो. 'बजेट अंतिम', 'बजेट अंतिम नवं', 'बजेट खरं अंतिम', 'हे वापरा', 'हे वापरू नका'. हॉटेलचा करार 'फोटो'मध्ये. कराओकेचे फोटो 'करार'मध्ये. आणि सगळ्यांत खाली, सर्वांत जड, 'इतर'.

नव्या समितीतली बाई दोन रात्री शोधते आणि शेवटी जुन्या अध्यक्षांना फोन लावते.

"बिल्ल्यांच्या छापखान्याचा हिशेब कुठे ठेवलाय?"

"तो ना? 'इतर'मध्ये बघ."

"बघितलं. 'इतर'मध्ये आणखी एक 'इतर' आहे."

"हां, त्याच्या आतल्यात असेल. आणि तू एवढं बघतेच आहेस, तर यंदा बिल्ल्यांचं काम तूच घेतेस का?"